आजोबांची ड्यूटी

आमच्या सोसायटीतले एक आजोबा रोज सकाळी नातवाला स्कूलबसपर्यंत सोडतात. दप्तर अर्थातच आजोबांच्या खांद्यावर. येताना दूध, कोथिंबीर आणि गेटवर पडलेलं सूनबाईंचं कुरिअर. गॅसवाल्याला ओटीपी सांगायचं कामही त्यांचंच. पगार नाही, रजा नाही. माया एवढी, की राहता फ्लॅटही बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून मोकळे झाले. महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. वात्सल्य इतकं स्वस्त दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्याने केल्याचं ऐकिवात नाही. सरकार तसं सावधही आहे म्हणा. २००७च्या कायद्याने ज्येष्ठांना सांभाळायची जबाबदारी सज्ञान नातवंडांवरही टाकली आहे. नातू सध्या पहिलीत. म्हणजे आजोबांना अजून बारा वर्षं तरी दप्तर उचलण्याइतकं धडधाकट राहणं भाग आहे.