हपिसाचं भाडं कोण भरतं?

घरून काम करण्याच्या बाजूने बोलणारा आधी विरार लोकलचं नाव घेतो, आणि त्याचं काही चुकत नाही. सिल्व्हर पार्कहून मिरा रोड स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, पुढे चर्चगेटपर्यंत चाळीसेक किलोमीटर लोंबकळणं. संध्याकाळी चुकून विरार फास्ट पकडली, तर मिरा रोडला उतरायला मिळणं हे दारातल्या मंडळाच्या मर्जीवर. 2023 साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2,590 माणसं मेली, रोजची सात. हा आकडा समोर असताना घरबसल्या नोकरीला नावं ठेवणारा एकतर कंपनीच्या गाडीने फिरत असणार, नाहीतर बीकेसीत भाड्याने द्यायचे मजले बाळगून असणार. तेव्हा घरून काम चांगलं की वाईट, हा वाद इथे घालायचाच नाही. विचारायचं आहे ते एवढंच, की त्या हपिसाचं भाडं कोण भरतं?

हपीस म्हणजे जागा, वीज, खुर्ची, इंटरनेट, चहा आणि कोणीतरी पुसलेली फरशी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि हे सगळं बाडबिस्तरा घेऊन वन बीएचकेत घरजावई म्हणून राहायला आलं. टीव्हीखाली लॅपटॉप आला. डायनिंग टेबल असेल तर तीच मीटिंगची खोली, नसेल तर इस्त्रीचं टेबल उंचीला बरोबर बसतं. सासऱ्यांनी बनियनवर हॉल ओलांडायचा नाही, कुकरच्या शिट्ट्या दहाच्या आत उरकायच्या. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. 300 युनिटांच्या वर गेलेल्या प्रत्येक युनिटाला चढा भाव. दिवसभर एसी चालला की मीटर तो टप्पा बिनबोभाट ओलांडतो. बिल सासऱ्यांच्या नावावर येतं, बचत कंपनीच्या ताळेबंदात दिसते आणि पगारदाराला प्राप्तिकरात या कोपऱ्याची वेगळी वजावट मिळत नाही.

यावर एचआरचं उत्तर तयार असतं: प्रवासाचे दोन-तीन तास वाचले, तेच तुमचं भाडं समजा. पण ते तास कंपनीने दिले कधी होते? ते रेल्वेने खाल्ले होते आणि त्यांचा पगार तेव्हाही मिळत नव्हता. शिवाय वाचलेले तास घरच्यांच्या वाट्याला आले, असं मानायला फारसा आधार नाही. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली आणि त्यातला मोठा हिस्सा कमी सुट्ट्या नि कमी विश्रांती यांतून आला. माणशी वर्षाला सुमारे 2,000 डॉलर कंपनीचे वाचले. बढतीचा वेग मात्र कामगिरीच्या मानाने मंदावला. पुढे निवडीची मुभा मिळाल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पुन्हा हपिसाची वाट धरली. एकटेपणा हे मोठं कारण. आणि हो, प्रयोगात भाग घ्यायला एक अट होती, घरात स्वतंत्र खोली हवी. सिल्व्हर पार्कची निम्मी मंडळी त्या अटीवरच गळाली असती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यामुळे बायकांना घर सांभाळून नोकरी करता येते. येते खरी, फक्त ‘सांभाळून’ कोणी, तेवढं पाहायचं. 2024 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामाला हात लावणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. नवऱ्याचं हपीस हॉलमध्ये भरतं, तिचं ओट्याशेजारी, माइक बंद ठेवून. नाहीतरी घरून काम हा शोध काही आयटीवाल्यांचा नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. केंद्रातून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, पापड परत द्यायचे, अशी त्याची रीत. फरक एवढाच की तिथली भगिनी संस्थेची सहमालक असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. पोळपाटावर जे साधलं ते लॅपटॉपवर का साधू नये, याचं उत्तर कुठल्याच पॉलिसीत नाही. उलट दारावर पापडाची पाटी लावली तर सोसायटी व्यावसायिक वापराची नोटीस काढेल. त्याच दाराआड रात्रभर अमेरिकेचा विमा विकला तर कमिटी कौतुकाने म्हणेल, पोरगं घरूनच डॉलर कमावतं.

भाड्याचा विषय निघायच्या आतच भाडेकरू उठू लागले, हीही गंमत. एप्रिल 2020 मध्ये टीसीएसने जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत 25 टक्क्यांहून अधिक माणसं हपिसात असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये तिनेच आठवड्याचे पाच दिवस हजेरी मागितली. इतरांनी हायब्रिड काढलं आहे, तीन दिवस तिकडे, दोन दिवस इकडे. जागा, वीज आणि खुर्ची त्या दोन दिवसांसाठी महिनाभर अडवून ठेवायचीच आहे. आणि रेल्वेच्या खिडकीवर आठवड्याला तीन दिवसांचा पास मिळत नाही. अख्ख्या महिन्याचाच काढावा लागतो.