मॉडरेटर सर

मार्च उजाडला की आमचे मॉडरेटर सर लग्नाकार्याला जाणं बंद करतात. 'बोर्डाचं काम आहे' एवढंच सांगतात, तेही आवाज खाली आणून. घरात दहावीच्या मराठीचे गठ्ठे आलेत हे गुपित. ते साऱ्या सोसायटीला ठाऊक असतं, कारण त्या दिवसापासून सरांच्या दाराची बेल बंद असते.

माझ्यासारखे परीक्षक पेपर तपासून त्यांच्याकडे नेतात. काकू चहा देतात, पण तो दाराजवळच्या खुर्चीत बसून प्यायचा. टेबलाच्या आसपास पातळ पदार्थाला बंदी. सर अंगठा ओला करून पानं उलटतात. पुरवणीचा दोरा ओढून बघतात. कोऱ्या पानावर रेघ आहे ना, हे बघतात. मग चष्म्यावरून नजर वर येते, "मॅडम, आतलं बाहेर आलंय का?" म्हणजे आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत उतरलेत का. हा प्रश्न ते काकूंनाही विचारतात, वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल.

अर्ध्या गुणावर त्यांचा फार जीव. पत्रलेखनात पोराने मायना विसरून मजकूर झकास लिहिला, तर मी गुण कापलेला असतो. सर म्हणतात, "आदर्श उत्तरात काय ते मला सांगू नका, बैठकीला मी होतो. पोरगं पत्र लिहितंय की नाही? द्या अर्धा." आणि पाठ केलेलं नदीचं मनोगत दहाव्यांदा आलं की हेच सर उसळतात, "ही नदी एकाच क्लासमधून वाहतेय!" पेपरात 'सर, प्लीज पास करा, घरची परिस्थिती बिकट आहे' असं लिहिलेलं सापडलं, की ते नाक पुसतात आणि गुण मात्र तेवढेच ठेवतात.

निकालाच्या टक्केवारीबद्दल बोलायचं नाही, असा त्यांच्या घरचा दंडक आहे आणि तो मोडतात तेच. "2018 ला राज्याचा निकाल 89.41. 2019 ला भाषेचे तोंडीचे वीस गुण काढले, आला 77.10 वर. 2020 ला वीस परत दिले, गेला 95.30 वर. आता सांगा, वर्षभरात पोरं सुधारली की मास्तर?" उत्तराची वाट न बघता म्हणतात, "शाळा वीसपैकी एकोणीस देते. विसावा देत नाही, संशय येईल म्हणून."

एका पेपरामागे मिळतात मोजके रुपये, तेही वर्ष उलटल्यावर. कुरकुर सर जोरात करतात. पुढच्या वर्षी 'यंदा नाव देणार नाही' असं जाहीर करतात. आणि नियुक्तीचं पत्र यायला दोन दिवस उशीर झाला, तर शाळेच्या क्लार्कला रोज फोन.

गेल्या वर्षी नातू दहावीला होता, त्यामुळे सरांना काम नव्हतं. माणूस दोन महिने घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. नातवाला मराठीत शंभरापैकी 96 पडले. पेढे वाटले गेले, शेजारी येऊन गेले. संध्याकाळी सर हळूच सुनेला म्हणाले, "उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवू या."

"अहो बाबा, वाढून वाढून किती वाढणार?"

"वाढण्यासाठी कोण म्हणतंय? याचं शुद्धलेखन मला माहीत आहे. कुणी तपासलाय हा पेपर?"