शिट्टी त्यांची, नजर आमची

आमच्या भाचीचा संघ आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एका गुणाने हरला, असं स्कोअरशीटवर लिहिलंय. त्यावर रेफरींची सही आहे, माझी नाही. तेव्हा खरं काय घडलं ते मी सांगतो.

मी एका टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत होतो. दुसरी रिंग २८ मीटरवर, मधे एक खांब. तरी मला लख्ख दिसलं ते दोन हातांवर उभ्या असलेल्या रेफरींना दिसलं नाही. नजर डोळ्यात नसते, नात्यात असते.

पहिल्याच क्वार्टरला त्यांची पोरगी चेंडू घेऊन सरळ तीन पावलं गेली. मी ओरडलो, ‘ट्रॅव्हलिंग!’ शेजारचा पोरगा म्हणाला, ‘काका, २०१७ पासून नियम बदललाय. धावताना चेंडू हातात येतो तेव्हा जो पाय टेकलेला असतो तो मोजत नाहीत, पुढचे दोन मोजतात.’ पाय टेकलेला, पण मोजायचा नाही! थोड्या वेळाने आमच्या पोरीने तेच केलं, तेव्हा मात्र नियम मला पटला.

मग २४ सेकंदांत रिंगवर चेंडू टाकला नाही म्हणून आमच्यावर शिट्टी. ज्या सोलापुरानं नळाच्या पाण्याची चार-चार दिवस वाट बघितली, त्याला हे गृहस्थ सेकंद शिकवणार! मागून कॉलेजची पोरं ओरडली, ‘काय बे, झोपूलालास का?’ मी मात्र सभ्य माणूस. मी त्यांना अहो-जाहो करूनच आंधळे म्हटलं.

१८९१ मध्ये जेम्स नेस्मिथनं हा खेळ काढला तेव्हा नियम तेरा होते आणि पंच दोन. एकानं माणसांवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्यानं चेंडूवर. आमच्याकडेही पंच दोनच होते, पण दोघांचंही लक्ष फक्त आमच्या भाचीवर. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना हा खेळ शिकवला. त्यात दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायला बंदी होती, आणि १८९३ च्या पहिल्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांनाही. ही दुसरी बंदी पुढं उठली हे बरं झालं. नाहीतर इथं पोरींना खेळ आणि रेफरींना नियम कोणी शिकवला असता?

आता शेवटची घटका. आम्ही एका गुणाने पुढं. त्यांची पोरगी सुसाट रिंगकडं निघाली, भाची आडवी आली, दोघी धाडकन पडल्या. उघड उघड चार्जिंग! आणि रेफरी? दोन्ही हात कमरेवर. म्हणजे ब्लॉकिंग, फाऊल भाचीचा. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. कमरेवर हात ठेवून उभं राहणारा आम्हाला नवा नाही. पण तो अठ्ठावीस युगं उभा आहे, एकदाही भक्ताविरुद्ध शिट्टी वाजवलेली नाही. त्या क्वार्टरमधले आमचे चार टीम फाऊल आधीच झालेले, म्हणून त्यांना दोन फ्री थ्रो. दोन्ही आत.

मी टेबलाशी गेलो. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात शेवटचे तीन सेकंद तीनदा खेळवले होते, तर इथं दोनदा खेळवायला काय हरकत आहे, असं विचारलं. तिसऱ्यांदा रशियावाले ५१-५० जिंकले, आणि अमेरिकेच्या संघानं रौप्यपदकं अजून स्वीकारलेली नाहीत, हेही सुनावलं. टेबलावरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की प्रोटेस्ट करायचा तर पंधरा मिनिटांच्या आत कॅप्टनची सही लागते. मामाची चालत नाही.

कॅप्टन म्हणजे आमची भाचीच. मी पेन घेऊन गेलो, तर ती त्या दुसऱ्या पोरीच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसलेली.

‘मामा, मी उशिरा पोचले होते. ब्लॉकच होता तो.’

आता बघा, रेफरींनी आमची कॅप्टनसुद्धा फोडली.