हातखंब्याची निवड समिती

२०२४च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स १४पैकी १० सामने हरून तळाला गेली, याचा दोष हातखंबा तिठ्यावरच्या चहावाल्या मंडळींना देता येणार नाही. प्रत्येक पराभवाचे शवविच्छेदन त्यांनी दुसऱ्या सकाळीच उरकले. रोहितचे कर्णधारपद हार्दिककडे गेले, तेव्हाच ‘मी बोललेलो’ हे एकमताने मंजूर झाले. बुमराहला षटक कधी द्यायचे, हे तर कटिंग निवायच्या आत ठरे. पुढच्या हंगामात शवविच्छेदन सामन्याआधीच करावे. मैदान, दिवे, खेळाडू, सगळाच खर्च वाचेल.

चौदा सामन्यांत निकाल नाही, तर क्षमा नाही! मग कुणीतरी समोरच्याच महामार्गाच्या, २०११मध्ये पनवेलकडून निघालेल्या चौपदरीकरणाचा विषय काढला.

“एवढं मोठं काम,” समिती धूळ झटकत म्हणाली, “वेळ नको द्यायला?”