तैलरंग शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांस सूचना

वय चाळिशीच्या पुढे असावे. शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली असल्यास उत्तम. इंटरमिजिएटला आपण बसलोच नव्हतो, हे घरात कोणास सांगू नये.

साहित्यखरेदी हा या कलेतला सर्वांत यशस्वी टप्पा असल्याने तो लांबवावा. ट्यूब पाच-सहाच घ्याव्यात, पांढरी मात्र मोठी. तेल जवसाचे, म्हणजे दुकानातले लिन्सीडच आणावे. स्वयंपाकघरातल्या शेंगदाणा तेलावर भागवू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की ते वाळत नाही. निवृत्तीनंतरही नाही.

शिक्षक नसल्यास खंत करू नये. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सनने तरुण रविवर्म्याला शिकवले नाही, नुसते रंगवताना बघू दिले, असे सांगतात. आपल्यालाही यूट्यूब नुसते बघू देते. रविवर्मा नंतर उठून रंगवायला लागला, एवढा बारीक फरक सोडला तर परंपरा अखंड आहे.

आता मुख्य अडचण. जलरंगातले पाणी उडून जाते. तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होते, आणि त्याला आपल्या रविवारची सुट्टी ठाऊक नसते. बर्न्ट अंबरचा पातळ हात दोनेक दिवसांत वाळतो, पांढऱ्याचा जाड थर आठवडा खातो. तेव्हा विषय तपकिरी निवडावा: गूळ, चिंच, बटाटे. हिमालय टाळावा. बटाट्यांना कोणी हसल्यास सांगावे, की २७व्या वर्षी चित्रकार व्हायचे ठरवलेल्या व्हॅन गॉगने १८८५मध्ये बटाटे खाणारे अख्खे कुटुंब रंगवले. पुढे त्याची चित्रे किती खपली, हा विषय निघण्याआधी चहा मागावा.

खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा तेलकट, हा नियम मोडू नये. मोडल्यास वरचा आधी वाळतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि भेगा पडतात. पडल्याच तर चित्र आजोबांच्या काळातले आहे असे सांगता येते. फक्त त्यात गॅस सिलिंडर नसावा.

ओले चित्र ठेवायचे कुठे? घरचे पलंगाखाली सुचवतील. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते, हे शास्त्रीय कारण देऊन ते हॉलमध्येच ठेवावे. तिथे पाहुणे येतात. पाहुणा ‘वाळलं का?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता बोट लावतो. ठसा उमटेल तिथे ढग काढावा. चित्रातले ढग मोजले की घरी येणे-जाणे किती, ते कळते.

एक सूचना मात्र थट्टेवारी नेऊ नये. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

वार्निशला सुमारे सहा महिने थांबण्याचा प्रघात आहे, म्हणजे दिवाळीत संपवलेल्या चित्राला अक्षय्य तृतीया. तोवर ते कोणास भेट देऊ नये. या अवधीत नव्या फ्लॅटवाले नातेवाईक, भिंतीवर आता खिळ्यालाही जागा नाही, असे आपणहून कळवू लागतील. त्यांच्यासाठी लहान कॅनव्हास घ्यावा. तो फ्रिजवर राहतो.