उद्या ये

दादरा-नगर हवेलीतल्या आमच्या नरोलीत राहणाऱ्याला घड्याळ लागत नाही. पहाटे अजान, मागोमाग देवळातली घंटा, मग कारखान्यांच्या पहिल्या पाळीच्या बसगाड्या, सातला आरती, श्रावणात रात्री भजन. साडेदहानंतर सगळे भोंगे गप्प होतात आणि भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येऊ लागतो. आमच्याकडच्या भिंती साडेचार इंची. भांडं पडलं की बाई पडली, एवढा फरक त्यातून सहज कळतो.

गावाची जागाही मोठी सोयीची. हद्दीपलीकडे भिलाड, म्हणजे गुजरात, म्हणजे दारूबंदी. अलीकडे आम्ही, म्हणजे दुकानं. त्यामुळे मारहाणीचं कारण इथे सगळ्यांना पाठ. मारलं कुणी? दारूने. दारू एवढी का? हद्दीमुळे. हद्द कुणी आखली? पोर्तुगीजांनी. त्यांची इथली चौकी जुलै 1954 मध्येच पडली, तरी आरोपी अजून तेच. आता ही दारू फार शहाणी आहे बरं का. ती चढलेला माणूस पाळीवरच्या सुपरवायझरवर हात टाकत नाही; घराची कडी वाजेपर्यंत थांबतो.

मार खाल्लेली बाई आधी माहेराकडे बघते. इथल्या कितीतरी जणींचं माहेर खानदेशात, नाहीतर थेट बिहार-ओडिशात, आणि गाडीभाडं नवऱ्याच्या खिशात. जवळ काय उरतं? देऊळ, मशीद, चर्च. चालत पाच मिनिटांवर, आणि मालक दयाळू म्हणून प्रसिद्ध. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या शंभरात 14 निघाल्या. त्याच पाहणीतला दुसरा आकडा ऐका. अमुक एका कारणासाठी नवऱ्याने मारलं तर चालतं, असं म्हणणारे पुरुष शंभरात 44 आणि बायका 45. एका गुणाने बायका पुढे! हा विषय कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. तो कथेत असतो, सत्संगात असतो, हळदीकुंकवाला वाण देता देता कानात सांगितला जातो: "थोडं सोसावं गं बाई, संसार आहे." समजूत काढायची ती नेहमी बाईचीच. नवऱ्याची काढायची तर आधी तो चुकला असं म्हणावं लागेल, आणि तो वर्गणी देतो.

कीर्तनकारांना साहित्य कमी पडावं असंही नाही. नवऱ्याने कसं मारलं, कसं बांधून घातलं, हे संत बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. तेही सतराव्या शतकात, तक्रार लिहून घ्यायला कुणी नसताना. पाया आणि कळसाचा त्यांचा अभंग सगळ्यांना पाठ असतो. माराचे अभंग मात्र मी अजून एकाही सप्ताहात ऐकले नाहीत. वेळ कमी पडत असावा.

1991 सालची गोष्ट, पुण्याकडची. सिस्टर लुसी कुरियन या ख्रिस्ती जोगिणीकडे एक गरोदर बाई आली. नवरा दुसरी बाई आणतोय, मला मारून टाकेल, आजची रात्र मला ठेवून घ्या. ठेवून घेण्याची सोय सिस्टरांच्या हातात नव्हती. त्या म्हणाल्या, उद्या ये, काहीतरी बघते. त्याच संध्याकाळी नवऱ्याने तिला पेटवलं. किंकाळ्या ऐकून सिस्टर धावल्या, तिला रुग्णालयात घेऊन गेल्या. ती वाचली नाही. पोटातलं बाळही वाचलं नाही. ही हकीकत लुसी यांनी पुढे स्वतःच सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली, आपली बाजू न सावरता. 1997 मध्ये त्यांनी वढू बुद्रुकला घर उघडलं आणि त्याचं नाव ठेवलं 'माहेर'.

एखाद्या दुष्टाने दार लावून घेतलं असतं तर गोष्ट सोपी होती. इथे एका भल्या बाईने, नियमाप्रमाणे, गोड शब्दांत सांगितलं होतं. आमच्या धर्मस्थळांतही दुष्ट माणसं फारशी नाहीत. 'उद्या' मात्र भरपूर आहे. काकड्याला भल्या पहाटे दार उघडतं, ग्रहणाचे वेध आधीपासून फळ्यावर लागतात, शेजारती करून देवाला झोपवायला माणूस नेमलेला असतो. रात्री अकराला पायरीवर येऊन बसलेल्या बाईसाठी किल्ली कुणाकडे, हे ठरवायला बैठक बोलवावी लागते.

तशी एक बैठक आमच्याकडे झाली. मी हेरवाडचा दाखला घेऊन गेलो होतो. कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं इथे बंद. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तोच कित्ता राज्यापुढे ठेवला. प्रथा गावानेच पाळली होती, गावानेच मोडली. वरून कुणी अवतार घेतला नव्हता. मी म्हटलं, आपण त्याहून छोटं करू. देवळाच्या ओवरीची किल्ली शेजारच्या काकूंकडे राहू दे, रात्री कुणी आली तर त्या उघडतील. आणि ज्याने बायकोवर हात उगारला, त्याच्या हाती वर्षभर आरतीचं तबक द्यायचं नाही.

खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो भाऊ," ते हळूच म्हणाले, "मग आरतीला माणसं कुठून आणायची?"

कुणी हसलं नाही. हिशेबाचा माणूस, त्यांनी डोकी मोजली असणार.

किल्लीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. मंजूर झाला तो फलकाचा ठराव: देवळाबाहेर 181 या महिला हेल्पलाइनचा नंबर लावावा. पंधरा दिवसांत लागलासुद्धा. आकडा लाल रंगात, बऱ्यापैकी मोठा. त्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, 'सौजन्य' आणि देणगीदाराचं नाव. आमच्या भिंतीपलीकडचेच आहेत.