मामाची गिटार : उघडण्याची आणि (जमल्यास) परत बंद करण्याची रीत

साहित्य : जुनी इलेक्ट्रिक गिटार, १. स्टार स्क्रू ड्रायव्हर, १. सोल्डरिंग गन, २५ वॅट. साठ-चाळीसची सोल्डर वायर, हातभर. मल्टिमीटर. पॉलिश पेपरचा तुकडा. स्क्रू ठेवायला झाकणाची डबी. घरात कुणी नाही अशी एक दुपार. पुढे लागतील तशा आणखी.

गिटार मिळवणे

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत आणायची नसते, ती माळ्यावरून खाली यावी लागते. १९७१ साली ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून ज्यांनी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात उभं राहायचं ठरवलं, त्यांत आमचा मामा होता. पुढे त्याला बँकेत नोकरी लागली आणि गिटार माळ्यावर गेली. कोलकात्याला घडलेली, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची, तीन पिकअपची. ती खाली काढली तेव्हा मामा एवढंच म्हणाला, “मुकी आहे ती. उगाच खोलत बसू नकोस.” नवशिक्याला याहून स्पष्ट आमंत्रण मिळत नाही.

पायरी पहिली : काहीही न उघडणे

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आधी केबल बदलून बघा. मग अँपला दुसरं कुठलं तरी वाद्य लावून बघा, म्हणजे अँप जिवंत आहे की नाही ते कळेल. मग जॅकचा नट चाचपा. पाव इंची प्लग आणि जॅकची ही जोडी मूळची टेलिफोन एक्स्चेंजमधली. ऑपरेटर बायका दिवसभर हेच प्लग खुपसत आणि उपसत असत. तिथे टिकली ती वस्तू गिटारमध्ये मात्र ढिली होते. नट सैलावतो, आतला जॅक प्लगाबरोबर गोल फिरतो, त्याची वायर पिळवटते आणि एक दिवस तुटते. नट आवळताना आतला जॅक धरून ठेवा. नाही धरलात, तर तुटायची राहिलेली वायर तुम्हीच तोडाल.

माझी केबल ठीक होती, अँप ठीक होता, नट घट्ट होता. मन आनंदाने भरून आलं. आता उघडायला हरकत नव्हती.

पायरी दुसरी : तरीही न उघडणे

मल्टिमीटर काढा. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण वाढवा आणि मीटर किलोओमवर ठेवून केबलच्या मोकळ्या प्लगाच्या टोकाला एक सुई, दांड्याला दुसरी लावा. पोटावर हात ठेवून डॉक्टर निदान करतो, तसं हे आहे. आकडा पाच ते आठच्या दरम्यान आला, तर निवडलेलं पिकअप शाबूत आहे. शून्य आला, तर कुठे तरी दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काहीच आलं नाही, तर जॅकची वायर सुटली आहे. आणि अडीचशेच्या आसपास आला, तर मीटरला फक्त व्हॉल्यूमच्या बटणाखालचा पॉट दिसतोय, पिकअप दिसतच नाही.

माझा आकडा आला २३०. स्विच दुसऱ्या पिकअपवर टाकला : २३०. तिसऱ्यावर : २३०. म्हणजे तिन्ही पिकअप गेली, असा निष्कर्ष मी काढला आणि नवी तीन आणायला पैसे घेऊन बाहेर पडलो. ही चूक प्रत्येक नवशिक्याने एकदा तरी करावी, म्हणून ती इथे सविस्तर दिली आहे.

पायरी तिसरी : बाजारात जाणे

पुण्यात राहत असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जा, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. खिशात यादी असावी. दुकानदाराला “गिटारचा व्हॉल्यूम” असं सांगू नका, तो रेडिओचा देईल. अडीचशे के, लॉग, असं म्हणा. लॉग म्हणजे कानाला चढता आवाज सारखा वाटेल असा. लिनिअर घेतलात, तर सगळा फरक बटणाच्या एका टोकाला येतो आणि बाकी फिरवणं नुसता व्यायाम होतो. हल्ली बहुतेक पॉटवर लॉगला ए आणि लिनिअरला बी छापलेलं असतं. चुकून दहा के लावलात, तर गिटार उशीखालून वाजल्यासारखी वाटेल. दांडाही बघून घ्या. मी न बघता आणलेल्या पॉटच्या दांड्यावर मामाचं बटण बसेना. तो पॉट अजून डबीत आहे.

टोनसाठी कपॅसिटर लागलाच, तर ‘४७३’ असं लिहिलेला मागा. सत्तेचाळीसपुढे तीन शून्यं, एवढे पिकोफॅरड, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. त्याचं काम बारीक, तीव्र सूर अर्थवर सोडून देणं, बाकी काही नाही. यासाठी पन्नासेक वर्षांपूर्वीचा तेलातला कपॅसिटर हजारो रुपयांना घेणारे शौकीन आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याकडून उसने पैसे मागा.

पिकअप मागितल्यावर काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. “तिन्ही एकदम गेली?” “हो.” “घरातले सगळे दिवे एकदम गेले तर बल्ब आणायला येता का? फ्यूज बघता ना?” त्यांनी मला फूटभर वायर दिली आणि पिकअपचा विषय संपवला. या लेखातलं सगळं शहाणपण त्या एका वाक्यात आहे. मी ते आठ पायऱ्यांत वाढून देतो आहे.

पायरी चौथी : उघडणे

तारा सैल करा. फोटो काढा. स्क्रू काढा. पुन्हा फोटो काढा. पहिला नक्की हललेला असतो. पिकअप बसवलेली पांढरी पट्टी अलगद उलटी करा, खाली वायरी आहेत.

पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेने हे तत्त्व १८३१ मध्ये दाखवलं. पुढची शंभर वर्षं गिटारवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता. आत बॅटरी नाही, शॉक नाही. निर्धास्तपणे बोटं घाला. अँपच्या पोटात मात्र घालू नका. तिथले मोठे कपॅसिटर, विशेषतः व्हॉल्व्हच्या अँपमध्ये, प्लग काढल्यावरही वीज धरून बसतात.

पायरी पाचवी : बिघाड शोधणे

तिन्ही पिकअपच्या वायरी जिथे जातात तो स्विच. स्विचच्या स्वतंत्र टोकांवर मीटर लावलं : ५.९, ६.१, ६.०. तिन्ही ठणठणीत. मग तिन्ही वाटा एक होऊन स्विचमधून व्हॉल्यूमकडे जाणारी एकच वायर उरली. ती मधोमध तुटलेली होती, आणि तुटलेल्या जागी गुंडाळली होती जखमेवर लावायची चिकटपट्टी. तपकिरी, आतली औषधी गादी अजून पिवळसर.

स्विचविषयी जाता जाता : १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला तीनच खटके होते. वाजवणाऱ्यांनी स्विच दोन खटक्यांच्या मधे अडकवून नवे आवाज काढले, आणि १९७७ मध्ये कंपनीने पाच खटक्यांचा स्विच दिला. प्रत्येक बिघाड दुरुस्त करायचा नसतो. हा मात्र करायचा होता.

पायरी सहावी : सोल्डर मारणे

साठ-चाळीस म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. कल्हईवाल्याचं कथील तेच; त्याचा नवसागर मात्र इथे चालत नाही, वायरी कालांतराने खातो. सोल्डर वायरच्या पोटात राळ असते, ती पुरते. खिडकी उघडा आणि काम झाल्यावर, वडा उचलण्याआधी, हात धुवा.

सोल्डर गनेवर वितळवून थापायचं नाही. आधी जोड तापवायचा, मग सोल्डर जोडाला लावायचं; ते आपणहून पाण्यासारखं पसरतं. थिजलेला जोड चकाकला तर पक्का, भुरकट आणि दाणेदार दिसला तर कच्चा. थंड होईपर्यंत हलवू नका, फुंकर तर अजिबात नको. पॉटच्या पाठीवर अर्थची वायर जोडायची असेल, तर आधी पॉलिश पेपरने घासा. ती पाठ उष्णता पिते. पंचवीस वॅटची गन टेकवून बसलात, तर सोल्डर वितळण्याआधी पॉटच्या आतली कार्बनची पट्टी भाजून निघेल.

माझा पहिला जोड भुरकट आला. दुसरा भुरकट आला. तिसऱ्याला सतरंजीला भोक पडलं, पण जोड चकाकला.

पायरी सातवी : गुणगुण

आता गिटार वाजेल आणि गुणगुणेल. ती गुणगुण आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेची आहे. एका गुंडाळीचं पिकअप ती अँटेनासारखी पकडतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये उलटसुलट जोडलेल्या दोन गुंडाळ्यांचं पिकअप काढलं ते यासाठीच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली, तर सगळं ठीक. काहीच फरक पडला नाही, तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर बघा. आणि तारा धरून माइकला ओठ लावल्यावर चटका बसला, तर दोष गिटारचा नाही. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग नाही. थ्री-पिनची जाड पिन कापून टाकणाऱ्याला स्टेजवर येऊ देऊ नका.

पायरी आठवी : बंद करणे

उघडताना स्क्रू अकरा होते, लावून झाल्यावर एक उरला. तो डबीत आहे, पॉटच्या शेजारी.

संध्याकाळी मामा आला. मी वायरीवरची चिकटपट्टी दाखवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, “मीच लावली होती. शेवटच्या दिवशी, गाण्याच्या मधे. विसर्जनापर्यंत टिकली.” मग त्याने गिटार मांडीवर घेतली. हात विसरला होता, बोटं विसरली नव्हती.

एवढीच विनंती : गिटार बंद करण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख आणि कोणती वायर बदलली ते लिहा. पुढच्याला तीन पिकअप आणायला जावं लागणार नाही.